मोतियापासून लालपर्यंत

मावशी, तुला खांदा द्यायला मी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो. तिरडी समोरून गेली तेव्हा मला फक्त माणसांचे पाय दिसले. मान वर करायची हिंमत झाली नाही. तुझ्या अंगावर गुलाल होता.

लोकांना वाटलं, भाचा दुःखानं खचला. आईनं पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, रडून घे, बरं वाटेल. मी रडत नव्हतो. मी घाबरलो होतो. तळव्यांना तोच थंड घाम, कानात तीच शिट्टी, आणि श्वास अर्ध्यावर येऊन परत जायचा. दुःख दोन दिवसांनी आलं. तुझ्या जाण्याच्या दिवशी माझ्या छातीत फक्त भीतीला जागा होती, याची मला लाज वाटते.

आता तुझी तेरवीही झाली. भातकुलीला घरी परत आलोय. दुपार आहे, समोर वही आहे, आणि तुला जे सलग कधी सांगितलं नाही ते सांगायचा प्रयत्न करतोय. तुझ्या कापडाच्या दुकानात बसून तुकड्या-तुकड्यांत सांगायचो. एक तुकडा झाला की गिऱ्हाईक यायचं, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात आमच्या दोन एकरांत टमाटे झकास आले होते. आपल्याकडची जुनी माणसं त्याला भेदरं म्हणतात. शेजारचा अरुण त्यावरून मला चिडवायचा, की भेदरं विकून विकून तू बी भेदरट झाला. गाडी मी हळू चालवायचो म्हणून. अरुण माझ्याच वयाचा. त्याची भाजी आणि माझी भाजी एकाच टेम्पोतून अमरावतीच्या मार्केटला जायची. त्या दिवशी चांगलं उजाडलं होतं. तुरीच्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, सरळ रस्त्यावर आला. घोड्याएवढं जनावर. मी गाडी वळवली आणि ती उलटली. माझ्या कोपराला खरचटलं. अरुण क्रेटांखाली होता. मी दोन्ही हातांनी टमाटे उपसत होतो, आणि हाताला लागतंय ते काय आहे हे मला कळेना.

याच्या पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस.

अरुणचे दिवस झाल्यावर त्याची आई स्वतः घरी येऊन गेली. म्हणाली, तुही चूक नाई बाबू, जनावराले काय समजते. मी तिच्या साडीच्या लाल काठाकडे पाहत होतो आणि काठ पसरत चालला होता. तेव्हापासून लाल दिसलं की माझं शरीर मला विचारत नसे. लेकीच्या शाळेच्या रिबिनी, सिलिंडर, एसटी, ताटातली तर्री. उभं पीक मी शेतात सडू दिलं. जेवण वरणभातावर आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्यावर आलं. आणि बायकोच्या, वर्षाच्या कपाळाकडे मला पाहता येईना. एके दिवशी तिनं कुंकू पुसून काळी टिकली लावली. त्यावरून आईनं घरात रान उठवलं, की नवरा जिवंत असताना हे काय. वर्षा भाकरी थापत राहिली. मी गोठ्यात जाऊन बसलो, कारण तिथं सगळं करडं आणि काळं होतं.

मग तू आलीस. अकोल्याहून एसटीनं, हातात कापडी पिशवी. आईची धाकटी बहीण, पण घरात तुझाच शब्द चालायचा. गोठ्याच्या दारात उभी राहून तू माझ्याकडं पाच मिनिटं पाहिलंस आणि आईला म्हणालीस, "याले मी नेतो. कवा परत येईन ते विचारू नको."

लोकांना मी नंतर सांगायचो, की मावशीनं मला रंगांनी बरं केलं. त्यात मी एक गोष्ट नेहमी गाळायचो. तू मला आधी दुकानात नेलंच नाहीस. आधी डॉक्टरांकडे नेलंस. दवाखान्यातल्या बाकावर मी पाय हलवत होतो आणि तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होतीस, जसा एखाद्या सामानावर ठेवावा. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मोठ्या धक्क्यानंतर असं होतं, म्हणाल्या, आणि गोळ्या लिहून दिल्या. दुकान दुसऱ्या दिवशी.

तुझं मॅचिंग सेंटर म्हणजे दहा फूट रुंद आणि खोल बोळ. दोन्ही भिंतींना छतापर्यंत ब्लाउजपीस, अस्तरं, फॉल, रिळं. आतमध्ये पुरुष म्हणून मी एकटा. बायका साडी घेऊन यायच्या, मला पाहून पदर सावरायच्या, आणि तू सांगायचीस, बहिणीचा पोरगा हाये, कामाले ठेवला. मला मागच्या कप्प्याजवळ स्टुलावर बसवलंस. पुढे मोतिया रंगाच्या कापडांचा ढीग टाकलास आणि म्हणालीस, घड्या घाल. सगळ्या एका मापाच्या पाहिजेत.

मी चिडलो होतो. पांढऱ्याची कसली भीती मला? पण पहिल्याच दिवशी कळलं की हात इतके कापतात की घडीचा कोपरा कोपऱ्याला लागत नाही. चार दिवस मोतिया. मग बदामी, मग बिस्किटासारखा. पंधरवड्यानंतर एका सकाळी ढिगात अबोली आली. माझ्या कानात शिट्टी सुरू झाली, मी उठलो. तू रिळं लावता लावता मागे न पाहता म्हणालीस, "भेव आलं तं येऊ दे. त्याले बी बसाले जागा दे. हातातली घडी सोडू नको."

अबोलीत मी महिनाभर अडकलो. गाजरीला तर मागच्या नालीवर जाऊन उलटी केली. परत आलो तेव्हा वाटलं, तू आता जवळ घेशील. तू पाण्याचा गिलास दिलास आणि सुटलेली घडी दाखवलीस. तेव्हा तुझा राग आला होता. आता वाटतं, तू जवळ घेतलं असतंस तर मी तिथंच राहिलो असतो.

रंग ओळखायला तूच शिकवलंस. ट्यूबलाइटखाली कापड फसवते म्हणून साडी आणि पीस दोन्ही घेऊन दारापर्यंत जायचं, उजेडात धरायचं. एकदा मला तसंच हाताला धरून दारात नेलंस आणि विटकरी कापड उन्हात धरून विचारलंस, यात काय काय दिसते? मी म्हणालो, लाल. तू म्हणालीस, नीट पाय. मी नीट पाहिलं. माती होती, थोडा पिवळा होता, बदामी होता, मी ज्याच्या शंभर घड्या घातल्या होत्या तो. लालही होता, पण एकटा नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

अमरावतीला कॉलेजात शिकणारी एक मुलगी आईबरोबर आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, आजी, याला कलर थेरपी म्हणतात. तू म्हणालीस, असन बाप्पा, मी तं घड्या घालाले लावतो.

मग ती बाई आली. मुलीच्या लग्नाचा लाल शालू घेऊन. तू समोरच्या टपरीवर चहाला गेली होतीस. दुकानात मी एकटा. बाईनं शालू काउंटरवर उघडला आणि मला काठापर्यंत सगळा लाल दिसला. पळायला मागे भिंत होती, पुढे ती. मी लाल कापडांच्या कप्प्यात हात घातला. डोळे अर्धे मिटून एक पीस काढला, शालू उचलला आणि दारात उजेडात नेला. बाईनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, थोडा डार्क वाटते, दुसरा दाखव. तेव्हा मला हसू आलं, मावशी. भीतीनं जीव चालला होता आणि तिला एक शेड हलका हवा होता. मी दुसरा काढला. मग तिसरा.

ती गेल्यावर तू आलीस. टपरीवरून सगळं पाहत होतीस. मी विचारलं, आली काहून नाई? तू म्हणालीस, "आली असती तं तू मले पाहत बसला असता. माह्या हातातला चहा थंड झाला, एवढंच सांगतो." मग तोंड फिरवून तू रिळं मोजत बसलीस. बराच वेळ.

तुझ्याबद्दलची एक गोष्ट मला फार आधी दिसली होती, पण विचारायला मी वेळ लावला. हिरव्या कापडांचा कप्पा तू सगळ्यात खाली ठेवला होतास. कुणी हिरवं मागितलं की म्हणायचीस, खाली हाये, घ्या काढून, माहे गुडघे दुखतात. तेच गुडघे पिवळ्यासाठी वाकायचे. विचारलं तेव्हा तू सरळ सांगितलंस. काका तापानं गेले तेव्हा तू सव्वीस वर्षांची होतीस. बायकांनी तुझे हात धरले आणि हिरवा चुडा फोडला. कुणी जोर केला नव्हता, रीत होती. काचा मनगटात गेल्या. त्यानंतर तुला कुणी काही मनाई केली नाही, सासूनं स्वतः हिरवी साडी आणून दिली होती. तूच नेसली नाहीस. "मले भेव लागते," म्हणालीस. "तुले सांगाले मी हाये. मले कोन सांगन?"

मी सांगतो, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. स्टुलावरून उठायचं, तुला बसवायचं, पिस्त्यापासून सुरू करायचं. एवढं सोपं होतं. मी मान हलवली आणि घड्या घालत राहिलो. जिन्याच्या ज्या पायऱ्या तू मला चढवल्यास, त्यातली एकही तू स्वतः चढली नव्हतीस, हे कळूनही मी गप्प बसलो. मला वाटलं, मोठ्या माणसांची भीती त्यांची त्यांनाच ठाऊक.

मी घरी परतलो तेव्हा वर्षाला मीच म्हणालो, कुंकू लाव. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? मग आरशापुढे उभी राहिली. मी पाहिलं, नजर वळवली, पुन्हा पाहिलं. छाती धडधडत होती, पण ते तिचं कपाळ होतं. पुढच्या हंगामात टमाटे लावायची हिंमत नाही झाली. वांगी, पालक, कोथिंबीर लावली. टेम्पो विकला. माल दुसऱ्याच्या गाडीतून पाठवायला लागलो. पण घरात बसून लेकीच्या रिबिनी मी बांधायचो.

आणि मग मी तुझ्याशी भांडलो.

गोळ्यांचा मला कंटाळा आला होता. सकाळी जड वाटायचं. पाहुणे आले की पाकीट लपवावं लागायचं. मी फोनवर सांगितलं, आता गोळ्या बंद करतो, रंगांनीच तर बरं झालं. तू म्हणालीस, कशानं बरं झालं ते डॉक्टरांना ठरवू दे, मी कापड विकतो. मी हट्टाला पेटलो. मग तू म्हणालीस, "गोळीनं तुले झोप देल्ली. झोपीनं हात थांबला. हात थांबला म्हनून घडी जमली. माह्या एकटीच्या नावावर नको लावू, दिनू."

तेव्हा मी ते बोललो. तू स्वतः हिरव्याला हात लावत नाहीस आणि मला शिकवतेस. थोडा वेळ रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू आला, मग फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी तुझा फोन आलाच. त्या विषयावर चकार शब्द नाही. फक्त, गोळी घेतली का? मी म्हणालो, घेतली. त्याच्या पुढच्या रविवारी, घेतली. दोन महिने, मावशी. प्रत्येक वेळी घेतली. माझं बरं चाललंय असं मला वाटत होतं, म्हणून ते खोटं मला खोटंही वाटत नव्हतं.

शेवटच्या रविवारी तू माझं विचारून झाल्यावर तुझं सांगितलंस. तू तुझं कधी सांगायची नाहीस. म्हणालीस, "दोन दिवसांपासून छातीत धडधडून राह्यलं रे. पायऱ्या चढलं का दम लागते." मी हसलो. म्हणालो, भेव असन मावशी, मोतिया घेऊन बस. तूही हसलीस. म्हणालीस, बसतो बाप्पा.

चार दिवसांनी दुपारी दुकानातच तू गेलीस. हृदय, डॉक्टर म्हणाले. काही दिवस त्रास झाला असणार, असंही म्हणाले. त्या वेळी दुकानात एक बाई होती. तिनं सांगितलं, काउंटरवर कापडं उघडी पडली होती आणि मावशी घड्या घालत होत्या. कोणत्या रंगाची, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मोतिया असेल तर माझ्या थट्टेवर विश्वास ठेवून तू दवाखान्यात जायची ती बसलीस. मला आता सगळ्यात जास्त याच प्रश्नाची भीती वाटते. त्या बाईचं घर मला माहीत आहे. मी अजून गेलेलो नाही.

भीतीवर काय चालतं हे तू मला शिकवलंस. पण भीती कोणती आणि दुखणं कोणतं, हे ओळखायला मी शिकलो नव्हतो, आणि शिकल्यासारखा बोललो. धडधड ऐकली की मला माझीच आठवते. तुझी वेगळी असेल हे डोक्यातच आलं नाही.

तुला सजवताना आतून बायकांनी विचारलं, साडी कोणती? तुझी जाऊ म्हणाली, नेहमीचीच, फिक्कट. मी दारात उभा होतो. एक शब्द तोंडाशी आला. पण हिरवी तुला द्यायची म्हणजे तुझी इच्छा पुरी करायची की तुला घाबरवायचं, हे मला ठरवता येईना. तू जिवंत असताना विचारायचं ते आता कुणाला विचारणार? मी मागे सरलो. मग कुणीतरी गुलालाचं ताट घेऊन आलं, आणि पुढचं तुला सांगितलंच आहे.

तुला पोचवून परतताना गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर मी वर्षाला सगळं सांगितलं. गोळ्या दोन महिने बंद आहेत, मावशीशी खोटं बोललो, धडधडीवर हसलो. ती खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं होतं ती चिडेल. ती एवढंच म्हणाली, तेरवी झाल्यावर डॉक्टरकडे जाऊ, मी येतो संग.

काल जाऊन आलो. तेच बाक. डॉक्टरबाईंनी माझे कागद काढले आणि सहज विचारलं, "मावशी नाही आल्या आज?"

मावशी, तेरवीपर्यंत मी शेकडो माणसांना भेटलो, पण हे वाक्य मला एकदाही बोलावं लागलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं. मी तोंड उघडलं. मावशी गेली, असं म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी गोळ्यांचं खरं सांगितलं, गुलालाचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. गोळ्या मनानं बंद करायच्या नसतात, विचारून हळूहळू कमी करायच्या असतात, म्हणाल्या. पुन्हा सुरू करू. आता इथं बसल्यावर भीती वाटतेय का, असं विचारलं. मी हो म्हणालो.

"मले बी," वर्षा म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, हे बाहेर गेले का परत येतीन का नाई असं वाटते, गाडीचा आवाज आला का पोटात गोळा येते, दोन वर्षं झाले. डॉक्टरबाईंनी विचारलं, कुणाला सांगितलं नाही? ती म्हणाली, कोनी विचारलं नाई.

दोन वर्षं, मावशी. माझ्यासाठी तिनं कपाळ पुसलं, भाकरी थापल्या, आईचं ऐकून घेतलं, आणि माझ्या भीतीच्या शेजारी तिची भीती एकाच घरात जेवत होती. मला दिसली नाही. तुलाही दिसली नसेल, की दिसली होती आणि तू माझ्या बोलण्याची वाट पाहत होतीस? तुला विचारायच्या गोष्टी आता रोज एक एक वाढत जातात.

डॉक्टरबाईंनी दुसरा केसपेपर घेतला आणि वर्षाला नाव विचारलं. आता हिचं एकटीचं बोलणं असेल, असं समजून मी खुर्चीवरून उठायला लागलो.

"बसा इथंच," वर्षा म्हणाली.

मी बसलो.